अनेकवचन

नामाने दाखवलेली वस्तू एकाहून अधिक आहे, हे सांगणारे नामाचे रूप म्हणजे अनेकवचन. संस्कृतात एकवचन, द्विवचन व बहुवचन अशी तीन वचने असून तेथे बहुवचनाची सुरुवात तीनपासून होते. प्राकृत वैयाकरणांनी ‘द्विवचनस्य बहुवचनम्’ या सूत्राने द्विवचनाचा निकाल लावला. मराठीला द्विवचन नसल्याने ‘एकाहून अधिक’ असा शब्दशः अर्थ देणारी ‘अनेकवचन’ हीच संज्ञा येथे अधिक नेमकी ठरते; ‘आदरार्थी बहुवचन’ या जोडशब्दात मात्र जुनी संज्ञा टिकून आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत आणि पुढेही अनेकवचनाचा विचार लिंग व अन्त्यस्वर यांच्या आधारे झालेला आहे. पुल्लिंगी आकारान्त नाम एकारान्त होते (वाडा–वाडे), इतर पुल्लिंगी नामे बदलत नाहीत (घाट, लाडू, कवी). स्त्रीलिंगात वीट–विटा, भिंत–भिंती, नदी–नद्या, सासू–सासवा असे निरनिराळे गट पडतात. अकारान्त स्त्रीलिंगी नाम ‘आ’ घेणार की ‘ई’, हे अन्त्यस्वरावरून कळत नाही. ते कानानेच शिकावे लागते. नपुंसकलिंगात कुंड–कुंडे, लिंबू–लिंबे, तळे–तळी अशी रूपे होतात.

या प्रत्ययांच्या पूर्वेतिहासासाठी नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, शिलालेख विशेष उपयोगी आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. नहपानाच्या काळाविषयी मतभेद आहेत. तथापि हा लेख इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला मानण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. त्यात गोवर्धन येथे ‘त्रिरश्मिषु पर्वतेषु’ हे लेणे व पाण्याची टाकी करविल्याचा उल्लेख ‘इदं लेणं कारितं इमा च पोढियो’ अशा शब्दांत येतो. लेखाची भाषा संस्कृतकडे झुकलेली असली तरी ‘पोढियो’ (पाण्याची अनेक टाकी) हे अस्सल प्राकृत स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. मराठीतील माळा, विटा ही रूपे प्राकृत ‘-आओ’ पासून आली, याविषयी फारसा वाद नाही. नद्या, घोड्या यांतील ‘-या’ हा ‘पोढियो’सारख्या ‘-इयो’ वरून आला असावा, असे मानणे सयुक्तिक दिसते.

डोंगर एकच असताना ‘पर्वतेषु’ हे अनेकवचन का, हा प्रश्न उरतो. त्रिरश्मी या नावातील ‘तीन’मुळे शिखरांचा समूह अभिप्रेत असावा, असे एक स्पष्टीकरण देता येते. परंतु तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञालेखात हाच डोंगर ‘पवते तिरण्हुम्हि’ असा एकवचनात येतो, आणि त्याच लेखात ‘गामे कखडीसु’ येथे ‘गाव’ एकवचनी असून गावाचे नाव मात्र अनेकवचनी आहे. स्थलनामे अनेकवचनात चालवण्याची रीत संस्कृतात जुनी असून (पञ्चालाः, वङ्गाः) पाणिनीनेही तिची दखल घेतली आहे. तेव्हा शिखरे मोजण्यापेक्षा या रीतीकडे बोट दाखवणे अधिक बरे. याच आज्ञालेखात ‘पवजितान भिखुन’ अशी षष्ठीची अनेकवचने आहेत. संस्कृत ‘-आनाम्’, प्राकृत ‘-आणं’ आणि मराठी सामान्यरूपातील ‘-आं-’ (घरांना, भिक्षूंचा) या साखळीतील मधली कडी येथे दगडावर कोरलेली आढळते.

नपुंसकलिंगी ‘-ए’ हा संस्कृत ‘-आनि’, प्राकृत ‘-आइं’ या मार्गाने आला. म्हणून जुन्या लेखनात ‘घरें’वर अनुस्वार असे, ‘घोडे’वर नसे. पुल्लिंगी ‘-ए’ची व्युत्पत्ती तितकी निश्चित नाही. तो ‘-अकाः’ या अंतापासून आला असे एक मत आहे, तर ‘ते’, ‘सर्वे’ या सर्वनामरूपांच्या सादृश्याने आला असे दुसरे. ध्वनिबदलांच्या दृष्टीने पहिले अधिक सरळ वाटते, पण दुसऱ्याचा काही अंशी हातभार लागला नसेल असे म्हणवत नाही.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने येणारे पण न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार तेवढा राहिला. त्यामुळे ‘शेतकऱ्याला’ आणि ‘शेतकऱ्यांना’ यांतला भेद लेखनात सुरक्षित आहे, परंतु ‘लेणीं’ या नपुंसकलिंगी अनेकवचनाची खूण पुसली गेली. उच्चारातून ती आधीच लोपली होती, हेही खरे. मूळ जोडी लेणे–लेणी. ‘लेणी’ हे रूप ‘नदी’सारखे दिसू लागल्यावर ते स्त्रीलिंगी एकवचन समजले गेले आणि त्याचे ‘लेण्या’ असे नवे अनेकवचन निघाले. अनेकवचनाचे पुन्हा अनेकवचन झाल्याचे हे ठळक उदाहरण होय. नाशिककर ‘पांडवलेणीला जाऊन आलो’ म्हणतात तेव्हा चोवीस लेणी व्याकरणदृष्ट्या एक झालेली असतात. ‘लेण्या’ हे रूप प्रमाण लेखनात टाळले जाते. बोलण्यात मात्र ते पक्के रुजले आहे.

वचन हे नेहमी संख्येवर अवलंबून नसते. ‘वडील आले’ यात आदर आहे. बाजारात शेतमालाचे नाव एकवचनात येते: लासलगावला ‘कांदा उतरला’ म्हणतात तेव्हा ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, आणि घरी भाजीपुरते ‘चार कांदे’ चिरले जातात. बेदाणाही तसाच; व्यापाऱ्याकडे बेदाणा, खिरीत बेदाणे. द्राक्षाचे मात्र बागेत आणि ताटात दोन्हीकडे ‘द्राक्षं’च होते.

परभाषिक शब्दांपैकी काही मराठी प्रत्यय घेतात (फाइल–फायली), काही तसेच राहतात (रिक्षा), तर ‘बसेस’सारख्या काहींनी मूळ भाषेचा प्रत्यय सोबत आणलेला आहे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण, कळवण, मालेगाव भागातील अहिराणीत अनेकवचनी सामान्यरूप वेगळे असून प्रमाण मराठीतील ‘लोकांना’ तेथे ‘लोकेसले’ असे होते.