घुमटावरची आणि बंदरातली

इंग्रजीतल्या ‘फ्रीडम’ला आपण स्वातंत्र्य म्हणतो, ‘लिबर्टी’लाही स्वातंत्र्यच. त्यामुळे ‘स्टॅच्यू ऑफ फ्रीडम’ आणि ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ या दोघी मराठीत एकाच ‘स्वातंत्र्यदेवी’च्या नावाखाली येतात आणि गोंधळ होतो.

ओळखायचं ते डोक्यावरून. किरणांचा मुकुट आणि उंचावलेल्या हातात मशाल असेल, तर ती न्यूयॉर्कच्या बंदरातली लिबर्टी. शिरस्त्राण, त्यावर गरुडाचं डोकं आणि पिसांचा तुरा, उजवा हात म्यानातल्या तलवारीच्या मुठीवर असेल, तर ती वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, घुमटावर उभी असलेली फ्रीडम. त्या तुऱ्यामुळे तिला मूळनिवासी अमेरिकन स्त्री समजणारेही पुष्कळ आहेत.

लिबर्टी फ्रेंच शिल्पकार बार्तोल्दीची, 1886 सालची. फ्रीडम तिच्याहून 23 वर्षांनी मोठी, आणि ती घडवली थॉमस क्रॉफर्ड या अमेरिकन शिल्पकाराने. अर्थात त्याचा स्टुडिओ होता रोममध्ये. त्या पिढीचे बरेच अमेरिकन शिल्पकार इटलीतच काम करत. रिचमंडचा जॉर्ज वॉशिंग्टनचा अश्वारूढ पुतळाही त्याचाच.

घडणीतला फरक आपल्याकडच्या शब्दांत झटकन कळतो: लिबर्टी हे तांबटाचं काम, फ्रीडम ओताऱ्याचं. लिबर्टीचं अंग म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा, ठोकून आकार दिलेला तांब्याचा पत्रा. आत आयफेलचा लोखंडी सांगाडा. फ्रीडम मात्र ब्राँझची ओतीव, साडेएकोणीस फूट उंच, वजन सुमारे 15,000 पौंड. लिबर्टी नुसती 151 फूट आहे. गंमत अशी की चौथऱ्यासकट तिची मशाल पोचते 305 फुटांवर आणि घुमटावरच्या फ्रीडमचा तुरा 288 फुटांवर. जमिनीपासून पाहिलं तर दोघींत फार अंतर नाही.

पण मला फ्रीडमची गोष्ट जास्त धरून ठेवते, ती एका टोपीमुळे. क्रॉफर्डने आधी तिच्या डोक्यावर प्राचीन रोममध्ये मुक्त झालेले गुलाम घालत तशी टोपी दिली होती. कॅपिटॉलचं बांधकाम तेव्हा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिसच्या हाताखाली होतं. डेव्हिस स्वतः गुलामांचा मालक. त्याचं म्हणणं, आमचे लोक जन्मतःच स्वतंत्र, त्यांना सुटलेल्या गुलामाची टोपी कशाला? क्रॉफर्डने निमूटपणे टोपी काढून शिरस्त्राण चढवलं. (लिबर्टीच्या पायाशी तुटलेली साखळी आहे, पण खाली उभं राहून ती दिसत नाही.)

1857 मध्ये क्रॉफर्ड लंडनला वारला. प्लॅस्टरचा नमुना पेट्यांत भरून जहाजाने निघाला. जहाजाला गळती लागली, आणि सगळ्या पेट्या वॉशिंग्टनला पोचेपर्यंत 1859 उजाडलं. ब्राँझचं ओतकाम शिल्पकार क्लार्क मिल्सच्या भट्टीत व्हायचं होतं. मिल्सच्या मुलाने पुढे सांगितलेली हकिगत अशी: नमुना जोडणाऱ्या इटालियन कारागिराने सांधे इतके बेमालूम बुजवले होते, की भट्टीकडे न्यायला तो सुटा कुठून करायचा ते कळेना, आणि पगार वाढवल्याशिवाय कारागीर सांगेना. तेव्हा मिल्सच्या मालकीचा गुलाम फिलिप रीड पुढे झाला. पुतळ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कडीला त्याने कप्पीचा दोर बांधला आणि हळूहळू वर ताण दिला. सांधा बारीक रेघेसारखा उघडला. मग तसेच बाकीचे.

भट्टीवर रविवारी राबल्याबद्दल रीडला दिवसाला सव्वा डॉलर मिळे. बाकी सहा दिवसांची मजुरी मालकाची. तेहतीस रविवारांचे 41.25 डॉलर सरकारी हिशेबात नोंदलेले आहेत. एप्रिल 1862 मध्ये राजधानीतली गुलामगिरी कायद्याने संपली आणि रीड मोकळा झाला. पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला 2 डिसेंबर 1863 ला. तोवर डेव्हिस फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष होऊन बसला होता.

फ्रीडमचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे पश्चिमेच्या नॅशनल मॉल या लांबलचक मैदानावरून फोटो काढणाऱ्यांना तिची पाठच मिळते. तिला समोरून, जवळून बघायचं तर कॅपिटॉलच्या अभ्यागत केंद्रात जावं. रीडने सुटा केलेला तो प्लॅस्टरचा नमुना तिथे पुन्हा जोडून उभा केला आहे, आणि त्या दालनाचं नाव आहे ‘इमॅन्सिपेशन हॉल’, म्हणजे गुलाममुक्तीचं दालन.