काचेपलीकडचा वाघ का दिसत नाही?

दुपारी बारा-एकच्या सुमाराला प्राणिसंग्रहालयात वाघाच्या काचेपुढे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आत काही नाहीच’ आणि ‘झोपलाय, गुंगीचं औषध देतात यांना’. दुसरं आधी निकालात काढू. मार्जारकुळातले मोठे प्राणी एकदा पोटभर खाल्लं की तासन्‌तास पडून राहतात. जंगलातला सिंहसुद्धा दिवसाचे 16 ते 20 तास विश्रांतीत घालवतो. भर उन्हात झुडपाखाली पडून राहणं ही वाघाची जन्मजात रीत आहे, आणि तिच्यावर औषधाची अफवा रचणं म्हणजे त्याला सांभाळणाऱ्यांवर अन्याय आहे.

पहिलं वाक्य मात्र प्रकाशशास्त्राचं आहे. कारण पुष्कळदा वाघ समोरच असतो आणि काचेत दिसतो तो आपला पांढरा शर्ट.

हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा साधारण 4 टक्के भाग मागे फिरतो, पलीकडून बाहेर पडताना आणखी 4. म्हणजे काच कितीही जाड असो, पृष्ठभाग दोनच, आणि परावर्तन सुमारे 8 टक्के. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण 8 टक्के कशाचे ते बघा. दुपारच्या उन्हात आपल्यावर सुमारे 1,00,000 लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचं एकक) प्रकाश पडतो. वाघ झाडाच्या सावलीत आहे, तिथे 5,000 धरू. पांढरा शर्ट 80 टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे 80,000. त्याचे 8 टक्के, 6,400. वाघाची कातडी 20 टक्के परत फेकते असं मानलं तर 1,000, आणि काचेतून आपल्यापर्यंत येतात 920. डोळ्यात दोन्ही प्रतिमा एकमेकींवर पडतात, आणि शर्ट वाघापेक्षा सातपट उजळ! त्याच जागी 5 टक्केच प्रकाश परत फेकणारा काळा शर्ट घाला. आता प्रतिबिंब 400, वाघ 920. वाघ दिसला. आपल्या डोक्यावर छप्पर घालून उजेड 500 लक्सवर आणला, तर पांढऱ्या शर्टाचंही प्रतिबिंब 32 वर येतं आणि जवळपास पुसलं जातं.

रात्रीच्या एसटीत दिवे लागले की खिडकीत बाहेरचं शेत दिसेनासं होतं आणि आपला चेहरा दिसतो, ते हेच. वाघाच्या बाजूने गणित उलटं असतं: तो सावलीत, आपण उन्हात, त्यामुळे त्याला आपण लख्ख दिसतो.

म्हणून चांगल्या रचनेत वाघावर दिवे सोडत नाहीत, त्याची सावली त्याला ठेवून माणसांची बाजू अंधारी करतात. छप्पर खोल, भिंती आणि फरशी गडद रंगाची. काचेची वरची कड प्रेक्षकांकडे 10 अंश झुकवली, तर समोर बघणाऱ्याची नजर परावर्तनाने 20 अंश खाली वळते आणि पाठीमागच्या उजळ आकाशाऐवजी फरशीचं प्रतिबिंब मिळतं. फरशी पांढरी चकचकीत टाकली की हा सगळा खटाटोप वाया जातो.

छप्पर नसेल तर दोन्ही तळहातांचा आडोसा करून डोळे काचेला भिडवा. फोटो काढताना भिंग काचेला टेकवा, भोवती गडद कापड धरा, फ्लॅश बंद. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी गाळणारा फिरता फिल्टर) असेल तर काचेसमोर सरळ उभं राहून तो फिरवण्यात अर्थ नाही. काचेवरच्या लंबाशी सुमारे 56 अंशांचा कोन करा, तिथे तो परावर्तन जवळपास गिळून टाकतो.

पाण्याच्या टाकीला बहुधा काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा फलक लावतात. पाणी आणि अ‍ॅक्रिलिक यांच्या सीमेवर परावर्तन जेमतेम 0.3 टक्के, त्यामुळे तिथे प्रतिबिंबाचा त्रास निम्मा होतो. पण 1 मीटर आत पोहणारा पेंग्विन 75 सेंटिमीटरवर असल्यासारखा भासतो. मुंबईत राणीच्या बागेत जुलै 2016 मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत, म्हणून त्यांना 16 ते 18 अंश सेल्सिअस पुरतं. अडचण मुंबईच्या हवेची असते. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असताना दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, सुमारे 26 अंश असतो. फलकाचा आपल्याकडचा पृष्ठभाग त्याहून गार झाला की त्यावर दव धरतं. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता काचेच्या सुमारे एक-पंचमांशच वाहते, शिवाय प्रेक्षकांची बाजूही वातानुकूलित ठेवावी लागते. सुट्टीच्या गर्दीत दारं सतत उघडी राहिली की दमट हवा आत शिरते आणि फलक धुरकट होतो. तो कोरड्या रुमालाने पुसू नका. अ‍ॅक्रिलिक मऊ असतं, रुमालातली धूळ त्यावर चरे पाडते.

काचेवर टकटक करणं त्याहून वाईट. हवेतून बोललेला आवाज पाण्यात शिरताना जेमतेम हजारावा भाग आत जातो, बाकीचा परततो. बोटाने ठोकलं की मात्र फलकच थरथरतो, आणि अ‍ॅक्रिलिकमधून पाण्यात जाताना त्या कंपनांची 80 टक्क्यांहून जास्त ऊर्जा पार होते. आपल्याला हलकी टकटक वाटते, पण तिचा धक्का पाण्यातल्या जिवाला थेट बसतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 38-जे प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचायला आणि आवाजाने त्रास द्यायला मनाई करतं. ही टकटकही त्यात येते.