वेब ॲपमधील ॲनालिटिक्स ट्रॅकिंग

वेब ॲप वापरणारी माणसे कोणत्या पानावर येतात, काय दाबतात, कुठे अडतात आणि कुठून निघून जातात, याची आपोआप नोंद व्हावी म्हणून ॲपमध्ये केलेली सोय. नोंद घेणे म्हणजे ट्रॅकिंग आणि नोंदींतून अर्थ काढणे म्हणजे ॲनालिटिक्स. बोलताना मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

वेबच्या सुरुवातीला यासाठी वेगळे काही बसवावे लागत नसे. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी लॉग फाइलमध्ये एका ओळीत उतरे आणि त्या ओळी मोजल्या जात. पानात दहा चित्रे असली की एका भेटीच्या अकरा ओळी पडत, त्यामुळे त्या काळी मिरवल्या जाणाऱ्या ‘हिट्स’च्या आकड्यांना फारसा अर्थ नव्हता. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी खूण, तयार केली आणि पुन्हा आलेला ब्राउझर ओळखता येऊ लागला. पुढे मोजणीच ब्राउझरमध्ये गेली. पानातला जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा एक बाय एक पिक्सेलचे अदृश्य चित्र मागवी आणि हवी ती माहिती त्या मागणीच्या पत्त्यातच जोडून पाठवी. अशी मोजणी करणाऱ्या अर्चिन या अमेरिकी कंपनीला गूगलने २००५ मध्ये विकत घेतले व त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स सुरू केले. जाहिरातींच्या दुव्यांना जोडलेल्या ‘यूटीएम’ या खुणांमधला ‘यू’ अजूनही अर्चिनचाच आहे.

तुकडा पानात चिकटवणे हे पाच मिनिटांचे काम. खरी अडचण त्यानंतर येते, विशेषतः एकपानी ॲपमध्ये. तिथे पडदा बदलतो, पत्ता बदलतो, पण पान नव्याने लोड होत नाही. तुकडा एकदाच चालतो आणि वापरणाऱ्याने वीस पडदे पाहिले तरी भेट एकाच पानाची लागते. म्हणून राउटरने, म्हणजे पत्त्यानुसार पडदा बदलणाऱ्या ॲपमधील कोडने, मार्ग बदलला की नोंद हाताने पाठवावी लागते. गूगल ॲनालिटिक्सची चालू आवृत्ती पत्त्यातला बदल स्वतःही टिपू शकते. ती सोय सुरू ठेवून हातानेही नोंद पाठवली तर प्रत्येक पडदा दोनदा मोजला जातो. आणखी एक चूक सहसा लक्षात येत नाही : पडद्याचे शीर्षक बदलण्याआधीच नोंद निघाली, तर नव्या पत्त्यावर आधीच्या पडद्याचे नाव चिकटते.

पानांपेक्षा घटना, म्हणजे इव्हेंट, अधिक मोलाच्या. त्यांची नावे आणि त्यांसोबत जाणारे तपशील कोड लिहिण्याआधी ठरवावेत, कारण वर्षभर दोन नावांनी साचलेली एकच घटना नंतर जुळवणे फार कष्टाचे असते. तिकीट आरक्षणाच्या ॲपमध्ये ‘पैसे भरा’ हे बटण दाबले जाणे आणि पैसे जमा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बँकेच्या पानावर गेलेला माणूस परत येईलच असे नाही. जमा झाल्याची नोंद सर्व्हरनेच करावी आणि व्यवहार क्रमांक सोबत द्यावा, म्हणजे तोच व्यवहार पुन्हा आला तर ओळखता येतो.

मिळणारे आकडे कधीच पूर्ण नसतात. जाहिरातरोधक या मागण्या अडवतात. सफारी ब्राउझर जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी फार तर सात दिवस टिकू देतो, त्यामुळे दहा दिवसांनी परतलेला जुना ग्राहक नवा म्हणून मोजला जातो. मराठी ॲपपुढे वेगळाच गुंता असतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द पत्त्यात ४५ अक्षरांचा होतो. अहवालात पाने अशा अवाच्य रूपात दिसली, तर प्रत्येक पडद्याला छोटे, स्थिर असे सांकेतिक नाव देणे हा सोपा उपाय.

पत्त्यात ईमेल किंवा मोबाइल क्रमांक असेल तर तोही नकळत तिसऱ्याच्या सर्व्हरवर पोचतो. हा दोष मामुली समजू नये. पत्ता पाठवण्याआधी असे भाग गाळलेच पाहिजेत. नोंदी स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायच्या असतील तर मातोमो (२०१८ पर्यंत पिविक) ही मुक्त स्रोत प्रणाली वापरता येते.

युरोपीय संघात अशी कुकी ठेवण्यापूर्वी सहसा संमती लागते आणि ती कशी असावी हे २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या संघाच्या विदा संरक्षण कायद्याने ठरवले आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. संमती येईपर्यंत तुकडा लोडच होऊ न देणे ही चांगली रीत. संमती मागणारी पट्टी दाखवून मागे नोंदी चालू ठेवणे म्हणजे विचारल्याचे नाटक. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास हा भारतीय कायदा, सरकारने दिलेल्या सवलती वगळता, मनाईच करतो.