श शहामृगाचा: मुलांच्या पुस्तकांत खरे प्राणी कधी आले?

मराठी मुळाक्षरांच्या कितीतरी तक्त्यांवर ‘श’च्या खान्यात शहामृग लांब मान काढून उभा असतो. तक्ता भिंतीला लावणाऱ्या गुरुजींनी तो पाहिलेला नसतो, समोर बसलेल्या पोरांनी तर नाहीच. दोन खाने पलीकडचा ससा निदान शिवारात दिसतो. (गंमत अशी की चाळीसगावजवळच्या पाटणे येथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांपासून घडवलेले मणी सापडले आहेत. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी हा पक्षी खानदेशातलाच होता. पण तक्ता बनवणाऱ्याला त्याच्याशी काही देणेघेणे नसावे. त्याला ‘श’ हवा होता.)

मुलांसाठी प्राण्यांवर लिहिलेल्या माहितीपर पुस्तकांचा मागोवा घेताना हा तक्ता पुन्हा पुन्हा आठवतो. पुस्तकात प्राणी आला तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कामाला: अक्षरे शिकवायला, नीती सांगायला, देवाची करणी दाखवायला. तो काय खातो, कुठे राहतो, पिलांना कसा वाढवतो, एवढ्याचसाठी तो पानावर यायला फार काळ जावा लागला. मराठीत त्यात आणखी दोन अडचणी होत्या. एक चित्रांच्या खर्चाची आणि दुसरी, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही, ती नावांची.

सुरुवात युरोपात झाली. कोमेनियस या चेक शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्गहून मुलांसाठी ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे सचित्र पुस्तक काढले. त्यातली मुळाक्षरे प्राण्यांच्या आवाजांवरून शिकवली आहेत: कावळा ‘आ आ’ ओरडतो, कोकरू ‘बे बे’ करते. पुढे पक्षी, गुरे, जनावरे, मासे यांची चित्रे आहेत, चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आहेत आणि त्याच आकड्यांनी मजकुरात त्यांची नावे आहेत. आजच्या पाठ्यपुस्तकातली ‘आकृती पाहा’ ही पद्धत तिथपासूनची.

त्यानंतरचा टप्पा १७३० चा. लंडनच्या थॉमस बोरमनने तीनशे प्राण्यांचे वर्णन असलेले पुस्तक खास मुलांसाठी काढले. मजकूर जुन्या ग्रंथांतून उतरवलेला, त्यामुळे सिंहाबरोबर एकशिंगी घोडाही बिनदिक्कत त्यात होता. चित्रेही यथातथाच. हे पुस्तक लहानपणी वाचलेल्या थॉमस ब्यूइक नावाच्या मुलाला ती चित्रे अजिबात पटली नाहीत, आपण याहून बरी काढू असे त्याला वाटत राहिले, आणि हे त्याने पुढे आठवणींत लिहूनही ठेवले. मोठा झाल्यावर त्याने १७९० मध्ये चतुष्पाद प्राण्यांवर आणि मग पक्ष्यांवर पुस्तके केली. कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेला त्याचा ठसा अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा असे. मजकूर आणि चित्र एकाच पानावर, एकाच दाबात उमटे, आणि लाकूड हजारो प्रती सहन करी. खरे प्राणी स्वस्त पुस्तकांत यायला निसर्गप्रेमापेक्षा या लाकडाने जास्त मदत केली, असे माझे मत आहे.

आपल्याकडे मराठी छापील बालसाहित्याची सुरुवातच इसापापासून झाली. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापाच्या कथा मराठीत निघाल्या. सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती १८२८ ची. पंचतंत्र आणि हितोपदेश हे तर घरचेच. म्हणजे मराठी मुलाला छापील पानावर भेटलेले पहिले प्राणी बोलणारे होते आणि प्रत्येकाचा स्वभाव आधीच ठरलेला होता. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, सिंह राजा, बगळा ढोंगी.

इथे एक घोटाळा झाला, तो आजवर निस्तरलेला नाही. इसापाचा लबाड प्राणी म्हणजे इंग्रजांचा ‘फॉक्स’. पंचतंत्रातले करटक-दमनक मात्र वेगळ्या जातीचे, रात्री हुकी देणारे. मराठीत दोघेही कोल्हाच झाले. खरे तर आपला कोल्हा म्हणजे पंचतंत्रातला. इसापाच्या प्राण्याचा इथला भाऊबंद म्हणजे खोकड: माळरानावर बिळात राहणारा, छोटासा, शेपटीचे टोक काळे असलेला. पण गोष्टीसोबत विलायती ठसे आले, आणि ‘कोल्हा’ या शब्दाखाली तांबूस अंगाचा, शेपटीला पांढरे टोक असलेला युरोपी प्राणी छापला गेला. गावाकडच्या ज्या मुलाने कोल्हा प्रत्यक्ष पाहिला होता, त्याला पुस्तकातला कोल्हा ओळखू येत नसे. मग चूक पुस्तकाची की आपल्या डोळ्यांची, हे विचारायचे कुणाला?

नीतिकथेच्या बाहेरचा प्राणी मराठीत आला तो मासिकांतून. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’मध्ये सृष्टिविषयक माहितीला जागा होती. मुलांसाठी म्हणून विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढले आणि चरित्र, कविता, निबंध यांच्या जोडीला शास्त्रीय माहितीही नेमाने दिली. ओकांनी हे मासिक १९१४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवले. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघाले. मजकुराचा प्रश्न असा हळूहळू सुटत होता, चित्रांचा नव्हता. हाफटोन ब्लॉक (छायाचित्र छापण्यासाठी बारीक ठिपक्यांचा ठसा) महाग, रंगीत छपाई त्याहून महाग. त्यामुळे संपादक बरेचदा हाताशी असतील ते ठसे वापरत आणि लेख त्यांच्याभोवती बेतत.

याच काळात मुंबईत दुसरा एक प्रवाह वाहत होता, पण तो इंग्रजीतून. १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ‘ईहा’ या सहीने कोकणातल्या आणि मुंबईतल्या पशुपक्ष्यांवर मिश्कील लेख लिहीत असे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन ‘ही कोणती’ असे विचारायला याच संस्थेत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली, त्यांत ईहाचे मुंबईतल्या पक्ष्यांवरचे पुस्तक होते. तो मुलगा सालिम अली. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिच्यातली एक बाजू निसटते. त्या मुलाला इंग्रजी वाचता येत होते म्हणून पुढचे सगळे घडले. त्याच वर्षी गिरगावातल्या एखाद्या मराठी शाळकरी मुलाला हाच प्रश्न पडला असता, तर त्याच्या हातात द्यायला पुस्तक नव्हते.

सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ मध्ये आले, तेही इंग्रजीत. मुलांपर्यंत आणि भारतीय भाषांपर्यंत पोहोचायला सरकारी पैसा यावा लागला. १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना झाली आणि १९६९-७० च्या सुमारास ट्रस्टने नेहरू बाल पुस्तकालय ही माला सुरू केली. त्यातली युक्ती साधी होती: चित्रे एकदाच करून घ्यायची आणि मजकूर तेवढा भाषेगणिक बदलायचा. चित्रांचा खर्च दहा-बारा भाषांत वाटला गेला की पुस्तक रुपया-दीड रुपयात देणे जमते. याच मालेत जमाल आरा यांचे पक्षीनिरीक्षणावरचे पुस्तक आले. या बाई छोटा नागपूरच्या जंगलांत वर्षानुवर्षे पक्षी पाहत हिंडलेल्या. त्यांचे पुस्तक मुलांना सिंह-जिराफ दाखवत नाही, अंगणात आणि तळ्याकाठी काय पाहायचे ते सांगते. तेवढ्या एका गोष्टीसाठी ते मला त्या काळातल्या गुळगुळीत परदेशी पुस्तकांपेक्षा मोठे वाटते.

तेव्हाची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत देखणी पुस्तके मात्र रशियातून येत. मॉस्कोत मराठीत अनुवाद होत (अनिल हवालदारांचे नाव जुन्या वाचकांना आठवेल), आणि लोकवाङ्मय गृहामार्फत ती इथे विकली जात. जाड कागद, रंगीत चित्रे, किंमत चहा-भज्यांएवढी. प्राण्यांवर लिहिणाऱ्यांची रशियात चांगली परंपरा होती. विताली बियांकी यांनी १९२८ मध्ये जंगलाचे चक्क वर्तमानपत्र काढले आहे अशी कल्पना करून पुस्तक लिहिले, त्यात महिन्यामहिन्याला जंगलातल्या बातम्या, तारा आणि जाहिराती होत्या. आपल्या पावसाळ्यावर असे एक वर्तमानपत्र कुणी का काढले नाही, याची मला अजून चुटपुट लागते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच गेला आणि पुस्तकेही आटली. तोवर सांगली-सोलापूरच्या मुलांना बर्फातल्या अस्वलाची गुहा पाठ झाली होती, आणि शेजारच्या ओढ्यातले पाणमांजर ठाऊक नव्हते.

आता नावांकडे येतो. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याला प्राण्याचे मराठी नाव सापडले नाही की तो एक तर इंग्रजी नाव तसेच ठेवतो, नाहीतर शब्दाला शब्द ठेवून नवे घडवतो. पण जी नावे लोकांच्या तोंडी आधीपासून आहेत, त्यांत निम्मी माहिती दडलेली असते. शिंपी पाने शिवतो. नाचण शेपटीचा पंखा पसरून थुईथुई करतो. सातभाई टोळक्यानेच फिरतात. धोबी पाण्याकाठी शेपटी आपटत चालतो. उलट पाणमांजर, उदमांजर आणि खवल्या मांजर या तिघांपैकी मांजर एकही नाही, आणि हेच मुलांना सांगण्यात गंमत आहे. गावोगावच्या बोलीत ‘वाघ’ म्हणजे पट्टेरी की बिबट्या, हे बोलणाऱ्याला विचारूनच घ्यावे लागते.

हे शब्द गोळा करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्लींनी केले. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनखात्यात होते. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातल्या जंगलांत राहिले, आदिवासी वाटाड्यांकडून नावे ऐकली, टिपून ठेवली आणि त्यांतून पक्षिकोश उभा राहिला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचे किंवा व्यंकटेश माडगूळकरांचे जंगलाविषयीचे लेखन मुलांसाठी म्हणून लिहिलेले नव्हे, पण पाठ्यपुस्तकांतल्या धड्यांमधून ते मुलांपर्यंत गेले. मराठीत रानामाळाची खरी ओळख बहुतेकांना अशी मोठ्यांच्या पुस्तकांतून, आडवाटेनेच झाली. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्यानंतर शिकारकथेतला वाघ मागे पडून वाचवण्याजोगा वाघ पानावर आला.

वाघापेक्षा कठीण काम सापाचे होते. नाग दूध पितो, डूख धरतो, पुंगीवर डोलतो, त्याच्या डोक्यात मणी असतो: हे सगळे मूल शाळेत येण्याआधीच शिकलेले असते आणि नागपंचमीला दरवर्षी त्याची उजळणी होते. त्यामुळे सापांवरच्या मराठी पुस्तकांना माहिती देण्याआधी आजीशी वाद घालावा लागला. ते काम पुस्तकांइतकेच माणसांनीही केले. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर एका खोलीत ७२ तास काढले, तेव्हा कित्येकांनी पहिल्यांदा हे मान्य केले की साप आपणहून अंगावर येत नाही. पुढे त्यांच्या पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान झाले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे आज शाळकरी मुलांना घडाघडा येतात. मुलांचे माहितीपर वाङ्मय मोठ्यांच्या घरात शिरून काही बदलू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत मला दुसरे सापडत नाही. रात्री झोपेत चावणारी आणि जिचा दंश फारसा जाणवत नाही अशी मण्यार ओळखता येणे हा शेतावरच्या घरात जिवाचा प्रश्न असतो, म्हणून कदाचित.

अलीकडची गोष्ट थोडक्यात. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे ऑनलाइन व्यासपीठ उघडले. चित्रे आणि मजकूर खुल्या परवान्याने मोफत, भाषांतर कुणीही करावे. म्हणजे ‘चित्र एकदा, भाषा अनेक’ ही जुनीच युक्ती, फक्त कागद वगळून. चित्रांचा खर्च ही मराठीची दीडशे वर्षांची अडचण त्यामुळे बरीच हलकी झाली. नावांची अडचण मात्र तशीच आहे, किंबहुना भाषांतरे जितक्या झपाट्याने होतात तितकी ती वाढते.

राहिली एक गोष्ट. माहितीचे पुस्तक शिळे होते. १९५२ पासून भारतातून नामशेष म्हणून सांगितला जाणारा चित्ता २०२२ च्या सप्टेंबरात आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडला, त्यामुळे ते पान दुरुस्त करावे लागले. गिधाडाचे उलटे झाले. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा १९८५ च्या सुमारास जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जाई. गावाबाहेर ढोर टाकले की चार-दोन तासांत थवा उतरे, असे त्या वेळच्या पुस्तकांत लिहिलेले वावगे नव्हते. मग गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी केली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर या जातीची भारतातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटत आली होती. शाळेच्या कपाटात ती जुनी पुस्तके अजून आहेत, आणि त्यांतले गिधाड आज वाचणाऱ्या मुलाला तक्त्यावरच्या शहामृगाइतकेच लांबचे आहे.