ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये, संग्रहण

ईस्ट इंडिया कंपनी आणि नंतर ब्रिटिश सरकार यांनी १८३५ ते १९४५ या काळात पाडलेल्या चांदीच्या रुपयांचा, तसेच अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) या त्याच्या भागांचा अभ्यासपूर्वक संग्रह. १८३५ च्या कायद्याने इलाख्यांतील निरनिराळे रुपये मागे पडून १८० ग्रेन (सु. ११.६६ ग्रॅम) वजनाचा, बारापैकी अकरा भाग चांदीचा एकच रुपया रूढ झाला.

या संग्रहातील सर्वांत कठीण प्रश्न कालनिश्चितीचा आहे. नाण्यावर कोरलेले वर्ष हे ते पाडल्याचे वर्ष असेलच असे नाही. १८४० चा रुपया १८६२ पर्यंत आणि १८६२ चा रुपया सु. १८७४ पर्यंत तेच वर्ष घेऊन निघत राहिला. जुन्या सालाच्या नाण्यावर सराफ बट्टा (किमतीतील कपात) कापीत. तो टाळण्यासाठी कंपनीने बंगालच्या सिक्का रुपयावर मोगल बादशहा शाह आलमचे १९ वे राज्यवर्ष पूर्वीच गोठवले होते, म्हणजे दरवर्षी तेच वर्ष छापले जाई. पुढील प्रघातामागेही हेच कारण बहुधा असावे. १८४० च्या रुपयांत व्हिक्टोरिया राणीच्या डोक्यावरून सलग लेख असलेला प्रकार आधीचा आणि डोक्याने लेखाचे दोन भाग पडलेला प्रकार सु. १८५० नंतरचा मानतात. १८६२ च्या मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर वर्षाखाली, काहींवर वरच्या बाजूलाही, बारीक टिंबे आढळतात. ती ठशांची खूण असावीत, असे एक मत आहे. मात्र ती प्रत्यक्ष पाडणीचे वर्ष दर्शवितात हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणूनच झिजलेल्या नाण्याला येथे मोल कमी: टिंबे पुसली की ओळखच जाते. चकाकीसाठी नाणे घासणे संग्राहकांनी कटाक्षाने टाळावे. दागिन्यासाठी कडी डागलेली नाणीही अनेक मिळतात.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसत असल्याची तक्रार झाली. बहुतेक नाणी वितळवून १९१२ मध्ये ठसा सुधारण्यात आला. या राजाच्या मुंबईच्या रुपयांवर मागील बाजूस खालच्या कमळाखाली टिंब असते. कलकत्त्याच्या रुपयांवर ते नसते. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले, १९४७ चा रुपया निकेलचा होता. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात व परवान्याविना परदेशी नेता येत नाहीत.

अलवर, बिकानेर या संस्थानांसाठी राणीच्या छापाचे रुपये सरकारी टांकसाळीत पाडले गेले. त्यांची गणना सहसा संस्थानी नाण्यांत करतात.