‘यहुदी धर्मात भांडणं म्हणजे पुण्य’: हे अर्धंच खरं आहे

“यहुदी लोक वाद घालूनच हुशार झाले, त्यांच्या धर्मात भांडणंसुद्धा पुण्याचं,” असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण तालमूदची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाची, पानं खरोखरच मतभेदांनी भरलेली आहेत. मात्र वादाबद्दलचा त्याच परंपरेतला इशारा त्यात गाळलेला असतो.

मिश्ना म्हणजे तालमूदचा गाभा असलेला जुना संग्रह. त्यातल्या ‘अवोत’ या भागाचा पाचवा अध्याय काढा. तिथे वादाचे दोन प्रकार आहेत. हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या यहुदी गुरूंचा वाद देवासाठी केलेला, म्हणून टिकणारा. मोशे या संदेष्ट्याविरुद्ध कोरहाने केलेलं बंड तसं नव्हतं, म्हणून ते टिकलं नाही.

आता वादात डोकं कसं फिरतं ते पाहू. तालमूदच्या ‘पसाहीम’ या भागात 66व्या पानावर म्हटलंय, की रागावलेल्या शहाण्याचं शहाणपण निघून जातं. दाखला थेट मोशेचा! मिद्यानी लोकांशी झालेल्या युद्धाहून परतलेल्या अधिकाऱ्यांवर तो संतापला, आणि नंतर भांडी शुद्ध करायचा नियम मोशेऐवजी सांगितला तो एलाजार या याजकाने. बायबलमधल्या ‘गणना’च्या 31व्या अध्यायात हा क्रम पडताळता येतो. स्वतःच्या सर्वांत मोठ्या गुरूचाच दाखला देण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

तालमूदच्याच ‘एरुविन’ या भागाचं 13वं पानही वाचा. हिल्लेल आणि शम्माय यांच्या अनुयायांचा वाद तीन वर्षं चालला. कौल हिल्लेलच्या बाजूने गेला. कारण दिलंय ते असं: ते सौम्य होते, आणि शिकवताना समोरच्यांचं मत आधी सांगत, मग आपलं.

या सगळ्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर मोफत मिळतात.