घर विकून आरव्हीत राहायला निघताय? आधी कायद्याने तुमचं राज्य कोणतं ते ठरवा

घर विकलं, आरव्ही (आत राहता येईल अशी मोठी गाडी) घेतली, आता वर्षभर नॅशनल पार्क बघत फिरायचं, इथपर्यंत सगळं छान, पण लायसन्सवर पत्ता काय टाकायचा म्हटलं की गाडं अडतं. अमेरिकेत लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, मतदान, राज्याचा टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, अगदी मृत्युपत्रसुद्धा कुठल्यातरी एका राज्याला बांधलेलं असतं. त्यालाच डोमिसाइल म्हणतात. आपल्याकडे महाराष्ट्रात डोमिसाइलचा एक दाखला काढला की झालं, इथे तसं नाही, इथे सगळे कागद मिळून ते सिद्ध होतं.

फुलटाइम फिरणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा घेतात. तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि फिरत्या लोकांची टपाल सांभाळणाऱ्या मेल फॉरवर्डिंग कंपन्या आहेत. सुरुवात तिथूनच होते. टपाल खात्याचा फॉर्म 1583 भरायचा, दोन ओळखपत्रं जोडायची, नोटरी करून घ्यायचा, मग तुमच्या नावाने मेलबॉक्सचा पत्ता मिळतो.

साउथ डकोटाची प्रोसेस सगळ्यात सुटसुटीत. तिथल्या हॉटेल किंवा कॅम्पग्राउंडमध्ये एक रात्र राहिल्याची तुमच्या नावाची पावती (एका वर्षाच्या आतली), मेलबॉक्सचा कागद, रहिवासाचं प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट किंवा जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा आणि जुनं लायसन्स, एवढं घेऊन जायचं. प्रतिज्ञापत्रात बाहेर गेल्यावर परत याच राज्यात येणार का असं विचारलेलं असतं, ते नीट वाचून सही करा, कारण ते खरं असायला हवं. मतदानाचं मात्र वेगळं आहे, 2023 च्या कायद्यापासून एका रात्रीच्या पावतीवर ते होत नाही, 30 दिवसांची अट आली.

टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन गावात एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबचं मोठं मेल सेंटर आहे. दुसऱ्या राज्यात रजिस्टर असलेली गाडी आणली तर नव्या रहिवाशाला सेल्स टॅक्सऐवजी 90 डॉलर भरावे लागतात, आणि 2025 पासून खासगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनही बंद झालं, फक्त काही काउंटीत (म्हणजे जिल्ह्यांत) धुराची तपासणी राहिली. फ्लोरिडात काउंटीच्या क्लार्ककडे डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल नोंदवता येतं, म्हणजे निदान एक लेखी कागद हातात राहतो.

आता खरा मुद्दा. लोक टॅक्स बघून राज्य निवडतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतं. 65 च्या आत असाल आणि इन्शुरन्स स्वतः घेणार असाल तर आधी हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी साइटवर त्या मेलबॉक्सचा झिपकोड टाकून प्लॅन बघा. प्लॅन काउंटीप्रमाणे बदलतात आणि बऱ्याच प्लॅनमध्ये आपल्या भागाबाहेर फक्त इमर्जन्सीच कव्हर होते, मग अॅरिझोनात असताना साध्या फॉलोअपसाठी हजार मैल मागे जाणार का? ओरिजिनल मेडिकेअर (65 नंतरचा सरकारी इन्शुरन्स) असेल तर ही अडचण नाही, खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हांटेजला मात्र ठरावीक डॉक्टरांचं नेटवर्क असतं. आधीपासून इन्शुरन्स असेल तर राज्य बदलल्यावर नवा प्लॅन घ्यायला 60 दिवस मिळतात, ते हुकवू नका.

आपल्या लोकांसाठी अजून एक, आणि हे कळकळीने सांगतेय. ग्रीन कार्डवर असाल तर पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत इमिग्रेशनला एआर-11 फॉर्म भरून कळवावं लागतं. सिटिझनशिपचा अर्ज (एन-400) करायच्या आधी त्या राज्यात किंवा इमिग्रेशनच्या त्या डिस्ट्रिक्टमध्ये 3 महिने राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे एन-400 जवळ आला असेल तर आधी तो भरून घ्या आणि मग फिरा. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचं विचारतात, नागरिक नसाल तर चुकूनही हो म्हणू नका, त्याने देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जातं. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांची परवानगी कामाच्या जागेला बांधलेली असते, वकिलाला विचारल्याशिवाय यात पडू नका.

जुनं राज्यही सहज सोडत नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत कायम वापरता येईल असं घर ठेवलं आणि वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस तिथे राहिलात तर डोमिसाइल दुसरीकडे असूनही रहिवासी म्हणून टॅक्स लावतात. म्हणून जुनं लायसन्स जमा करा, तिथली मतदार नोंदणी रद्द करा, बँक आणि गाडीच्या इन्शुरन्सला नवा पत्ता द्या, गाडीत फुलटाइम राहतो हेही इन्शुरन्सला स्पष्ट सांगा, त्या वर्षीचा पार्ट-इयर (वर्षाचा काही भागच तिथे राहिल्याचा) टॅक्स रिटर्न भरा, आणि कुठल्या रात्री कुठे मुक्काम होता त्याच्या पावत्या फोटो काढून ठेवा.